धागा: ओढ्यात मेलेलं रानडुक्कर सापडलं तर कुणाला सांगायचं? तपासणी करतं का कुणी?

शिवारवाला, जिंतूर
नमस्कार मंडळी. आमच्या शिवाराच्या खालच्या अंगाला ओढा आहे, पाणी अजून टिकून आहे. सालगडी म्हणला लै वास यायलाय म्हणून जाऊन बघितलं तर दोन रानडुकरं मरून पडलेली, एक मोठी मादी आणि एक वर्षाच्या आतलं पिल्लू. मादीचं तोंड पाण्यात आणि धड काठावर, पिल्लू फुगलेलं, नाकाजवळ वाळलेलं रक्त. आसपास गावठी बॉम्बचा तुकडा नाही, फासा नाही. डुकरं मेली त्याचं मला काडीचं दुःख नाही हे आधीच सांगतो, हरभऱ्याचं वाटोळं केलंय त्यांनी. पण आमची गुरं त्याच ओढ्याला पाण्यावर येतात आणि खाली वस्तीवर एकाकडं पाळीव डुकरं आहेत, शिवाय ते आफ्रिकन स्वाइन फिव्हरचं टीव्हीवर ऐकलेलं डोक्यात होतं. तर हे कुणाला कळवायचं, वनखात्याला का गुरांच्या दवाखान्याला? आणि कळवलं तर आपल्यालाच काही चिकटणार नाही ना? गावात विचारलं तर सगळे म्हणायलेत जेसीबी बोलव, खड्डा कर, विषय संपला.

पाथरीचा_आज्या
गाव बरोबर म्हणतंय. मुकाट पुर.

पशुवैद्य_उदगीर
दादा, पुरू नका आणि उघडून तर अजिबात बघू नका. नाकातून रक्त आलेलं जनावर म्हणलं की आम्ही पहिल्यांदा काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स मनात धरतो. तो विषाणू नाही, जिवाणू आहे, पण जनावर फाडलं की त्याचे बीजाणू मातीत पडतात आणि तिथं वर्षानुवर्षं राहतात. २०२२ मध्ये केरळात अथिरापल्लीच्या जंगलात रानडुकरं मेली होती ती त्यानंच. म्हणून आधी लांबून फोटो काढा, कान, नाक, पोट आणि शेपटाखालची बाजू दिसेल असे. गुरं त्या ओढ्यावर सोडू नका, कुत्री बांधा.

कळवायचं दोघांनाही. रानडुक्कर वन्यजीव कायद्यात येतं, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे, त्यामुळं त्याला हात लावायचा अधिकार वनखात्याचा. त्यांची हेल्पलाइन १९२६. रोगाचा भाग पशुसंवर्धनचा, त्यांच्या फिरत्या पथकाचा नंबर १९६२, नाहीतर सरळ तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याला फोन करा.

आता एएसएफचं, म्हणजे त्या आफ्रिकन स्वाइन फिव्हरचं. ताप येतो, खाणं सुटतं, कान-सोंड-पोट निळं-जांभळं पडतं, नाकातून नाहीतर मागून रक्त येतं, आतमध्ये प्लीहा काळीभोर होऊन फुगलेली असते. शंभरातली नव्वदच्या वर मरतात. ताप चढलेलं जनावर गारव्याला जातं म्हणून मेलेली डुकरं बऱ्याचदा पाण्याच्या कडेला नाहीतर गार सावलीत सापडतात. तुम्ही ओढ्याचं लिहिलंत म्हणून एवढं टाइप करतोय. पण नुसत्या डोळ्यानं एएसएफ आणि साधा क्लासिकल स्वाइन फिव्हर यात फरक करता येत नाही, दोन्ही सारखेच दिसतात. एक डीएनए विषाणू, दुसरा आरएनए, एकमेकांशी नातं काही नाही. साध्या फिव्हरला पाळीव डुकरासाठी लस आहे, एएसएफला आपल्याकडं वापरात लस नाही आणि औषध तर कुठंच नाही. पीसीआर केल्याशिवाय कळत नाही. माणसाला मात्र दोन्ही होत नाहीत, तेवढं घरच्यांना सांगून टाका.

रोही_त्रस्त, भूम
डॉक्टर साहेब राग मानू नका पण मी म्हणतो येऊ द्या की तो रोग. सरकारनं जे केलं नाही ते विषाणू करंल. रात्रभर जागल करायची, झटका मशीन लावायची, तरी सकाळी मक्याचा पट्टा भुईसपाट. अर्ज करा, पंचनाम्याची वाट बघा, तलाठी आला तर कृषी सहायक नाही, कृषी सहायक आला तर वनरक्षक नाही. आणि आता म्हणायलेत डुकराच्या तब्येतीची काळजी करा. मायला आमच्या तब्येतीची कुणी करंना.

पाथरीचा_आज्या
+१००

कन्नडचा_वाटाड्या
भूमवाल्या दादांचं दुःख खरं आहे, आमच्याकडं गौताळा अभयारण्याच्या कडेची गावं ह्याच रडगाण्यात आहेत. पण रोगानं डुकरं संपतील हे मनातून काढा. आधी मरतात, गावभर वास सुटतो, मग उरलेल्या माद्या वर्षाला चार-सहा पिलं देऊन परत भरून काढतात. आणि मधल्या काळात बिबट्यानं काय खायचं? आमच्याकडं बिबट्याचं पोट डुक्कर, नीलगायीचं वासरू आणि गावची कुत्री ह्याच्यावर चालतं, त्यातलं डुक्कर काढलं तर तो गोठ्याकडंच येणार ना. तुमच्या जिल्ह्यात तर येडशी रामलिंग अभयारण्यात यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ कॅमेऱ्यात दिसला होता, २०२४ च्या डिसेंबरात. त्याला काय ज्वारी खायला घालायची?

रोही_त्रस्त, भूम
वाघाचं सांगू नका भाऊ, त्याच्यामुळं महिनाभर रात्रीची मोटार चालू करायला कुणी जाईना. पण मुद्दा पटला थोडा. थोडाच.

वराहपालक, गेवराई
सगळे रानडुकराचं बोलायलेत, माझं पण ऐका. मी पांढरी यॉर्कशायर पाळतो, बँकेचं कर्ज आहे. तो रोग एकदा आला की नियम असा की जिथं सापडला तिथून एक किलोमीटरच्या आतली सगळी पाळीव डुकरं मारायची, आजारी असो नसो, आणि दहा किलोमीटर नजरेखाली. भरपाई मिळते, अर्धी केंद्र अर्धी राज्य, पण ती हातात पडंपर्यंत हप्ते थांबतात का? २०२० ला आसाम-अरुणाचलात आला तेव्हापासून माझी झोप उडालीय. मग २०२२ ला वायनाड, त्याच साली मध्य प्रदेशात रीवा. रीवाचं ऐकलं तेव्हा म्हणलं आता आपल्या दारात आला.

आणि रोग काय नुसता रानडुकरं आणत नाहीत. हॉटेलचं, लग्नाचं खरकटं आणून घालतात लोक. त्यात कुठल्या गाडीतून आलेलं डुकराचं मटण असंल कोण बघतं. मी खरकटं उकळून घालतो, चांगलं खदखदा, बाकीचे हसतात मला.

पशुवैद्य_उदगीर
हसू द्या, तुम्हीच शहाणे. हा विषाणू साठ अंशाला वीस मिनिटांत मरतो, पण गोठवलेल्या मटणात वर्षानुवर्षं आणि खारवलेल्यात महिनोन्महिने टिकतो. रानडुकरांच्या कळपातून तो स्वतःच्या पायानं सरकतो तेव्हा महिन्याला एक ते तीन किलोमीटर. शेकडो किलोमीटरची उडी मारतो तेव्हा ती माणसाच्या गाडीतून, डब्यातून, बुटाला लागलेल्या चिखलातून. २००७ ला आफ्रिकेतून जॉर्जियात गेला तो बंदरावरच्या जहाजाच्या खरकट्यातून गेला असं मानतात. तिथून रशिया, मग २०१४ ला पोलंड आणि बाल्टिक देश, २०१८ ला चीन.

आपल्याकडं गावाबाहेरचा उकिरडा बघा. दिवसा गावची मोकाट डुकरं, रात्री त्याच ढिगावर रानडुकरं. मला कुणी विचारलं की मराठवाड्यात नजर कुठं ठेवायची, तर मी जंगल नाही सांगणार, नगरपालिकेचं कचरा डेपो सांगंन.

नांदेडकर_सध्या_ड्रेस्डेन
मी जर्मनीत सॅक्सनीत राहतो, आमच्या शेजारच्या ब्रांडेनबुर्गात १० सप्टेंबर २०२० ला पहिलं मेलेलं डुक्कर पॉझिटिव्ह निघालं, पोलंडच्या सीमेजवळ, आणि पुढच्या महिन्यात आमच्या राज्यात. एका मेलेल्या रानडुकरामुळं चीन, जपान, कोरियानं जर्मनीचं पोर्क घेणं बंद केलं. इथं हायवेला थांबायच्या जागी चार-पाच भाषांत पाट्या आहेत, उरलेलं सँडविच झाडीत टाकू नका, डब्यात टाका. मला आधी गंमत वाटायची.

पण इथली पद्धत सांगण्यासारखी आहे. शिकारी मेलेलं डुक्कर सापडलं की अॅपवर लोकेशन टाकतो, आपण हात लावत नाही, टीम येऊन नमुना घेते, आणि बऱ्याच ठिकाणी कळवणाऱ्याला पैसे मिळतात. हो, पैसे. मेलेलं शोधायला शिकवलेली कुत्री आहेत, ड्रोन आहेत. ज्यांची शिकार होते त्यांचे पण रक्ताचे नमुने जातात, शिवाय डुकराचं मांस खायच्या आधी कृमीसाठी तपासणं सक्तीचं आहे. दक्षिणेकडं बव्हेरियात तर अजून चेर्नोबिलच्या अणुभट्टी अपघातातल्या किरणोत्सर्गी सीझियमसाठी मांस मोजतात, ते वेगळंच.

एक झेक रिपब्लिकचं सांगतो. २०१७ च्या जूनमध्ये झ्लिन शहराजवळ एएसएफ सापडला. त्यांनी तो पट्टा कुंपणानं बंद केला, आत शिकार बंद केली म्हणजे डुकरं बिथरून पळणार नाहीत, आणि आतलं पीक मुद्दाम उभं ठेवलं म्हणजे खायला मिळाल्यावर डुकरं जागा सोडणार नाहीत. मेलेली हुडकून हुडकून काढली, शेवटी पोलिसांचे नेमबाज लावले. २०१९ ला देश मोकळा जाहीर झाला.

रोही_त्रस्त, भूम
डुकरासाठी पीक उभं ठेवायचं तर आम्ही त्यात वर्ल्ड चॅम्पियन आहोत, फक्त भरपाई तिकडची द्या 😂

किनवटची_मास्तरीण
डॉक्टर साहेब एक विचारायचंय. आमच्याकडं लोक रानडुक्कर खातात, कायद्यानं गुन्हा आहे ते माहीत आहे सगळ्यांना, तरी होतं. वाड्यात वाटा आला की कलेजी अर्धवट भाजून खायची पद्धत आहे आणि आतडी कुत्र्याला. मागच्या वर्षी एका पोराचं शिकारी कुत्रं असं वेड्यासारखं खाजवून खाजवून मेलं, सगळ्यांना वाटलं पिसाळलं. त्याचा डुकराशी संबंध असू शकतो का?

पशुवैद्य_उदगीर
ताई, असं कुत्रं दिसलं की आधी रेबीजच धरायचा, ज्याला चावलं-चाटलं त्यानं त्याच दिवशी जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवून दवाखान्यात जायचं, त्यात दुसरा विचार नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून, डुकरांचा एक नागीण-कुळातला विषाणू असतो, औजेस्की रोग म्हणतात, खोटा रेबीज असंही नाव आहे. युरोपातल्या रानडुकरांत तो भरपूर आहे. मोठ्या डुकराला त्याचं फारसं काही होत नाही, तो अंगात दडून राहतो, पण कच्चं मांस किंवा आतडी खाल्लेल्या कुत्र्याला भयंकर खाज सुटते, ते स्वतःला ओरबाडून काढतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. म्हणून कच्चं काही कुत्र्याला घालायचं नाही.

कलेजीचं जास्त महत्त्वाचं आहे. हिपॅटायटिस ई, म्हणजे एक प्रकारची कावीळ, आपल्याकडं माणसांत ती बहुतेक घाण पाण्यातून येते आणि तो विषाणूचा पहिला प्रकार. डुकरांत सापडतो तो तिसरा आणि चौथा प्रकार, आणि तो माणसाला चढतो. जपानमध्ये रानडुकराची कच्ची-अर्धी कलेजी खाऊन लोक आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. गरोदर बाईला कुठलीही ई कावीळ हलक्यात घ्यायची नाही.

परभणी_लोकल
जपानी मेंदूज्वर पण डुकराचाच ना? आमच्या जिल्ह्यात २०२५ ला एक ते पंधरा वर्षांच्या लेकरांना त्याची लस दिली, शाळेत आलते टोचायला. तेव्हा पण गावात बोंब, कशाला लस म्हणून.

पशुवैद्य_उदगीर
हो, पण त्याचा मूळ साठा बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत. डुकराच्या रक्तात तो भराभरा वाढतो, ते स्वतः फार आजारी दिसत नाही, गाभण मादी मात्र मेलेली पिलं टाकते. क्युलेक्स डास डुकराला चावून माणसाला चावला की झालं. म्हणून काही देशांत पाळीव डुकरांचं रक्त ठरावीक काळानं तपासतात, डुकरांत वाढायला लागलं की माणसांत येणार हे आधी कळतं. डुक्कर मारून टाकणं हा त्यावरचा उपाय नाही, डबकी बुजवा आणि लस घ्या.

शिवारवाला, जिंतूर
अपडेट देतो. १९२६ ला फोन केला, वनरक्षक आणि पशुधन विकास अधिकारी दोघं आले, आधी कानाच्या शिरेतलं रक्त काचेवर घेऊन बघितलं, काळपुळी नाही म्हणले, मगच उघडलं. आता खरी गोष्ट. मादीच्या मागच्या पायाला, खुराच्या वर, बारीक गोल भाजल्याचा डाग निघाला. करंट. कुणीतरी झटका मशीन सोडून सरळ लाइटचा तार कुंपणाला जोडलेला. पिल्लाच्या अंगावर तसलं काही नव्हतं, त्याची प्लीहा फुगलेली होती, त्याचा नमुना थर्मासमध्ये बर्फात घालून नेला. डॉक्टर म्हणले आधी औंधला, पुण्याच्या रोग अन्वेषण विभागात, तिथून लागलं तर भोपाळच्या प्रयोगशाळेत.

पण करंटचं निघाल्यापासून गावात माझ्याशी कुणी बोलंना झालंय. आमच्या वरच्या बाजूला चार जणांची शेतं आहेत, चौघांचे चेहरे असे की मीच त्यांना पोलिसात दिलंय. एक जण तोंडावर म्हणला, लै शहाणा झालास, फोन करायला कुणी सांगितलं होतं.

पाथरीचा_आज्या
म्हणलं नव्हतं का मी.

खाकीतला_माणूस
नाव-गाव लिहीत नाही, वनखात्यात खालच्या पोस्टवर आहे, मराठवाड्यातच. शिवारवाल्या दादांनी केलं ते बरोबरच पण आज्याभाऊ म्हणतात तेही चूक नाही, दोन्ही सांगतो. आमच्याकडं मेलेल्या डुकराचा फोन आला की पहिला प्रश्न मनात हाच की कुणी मारलं. करंट, बॉम्ब, विष, फासा. पंचनामा त्या अंगानंच सुरू होतो आणि पहिला जबाब कुणाचा, तर ज्यानं फोन केला त्याचा. कारण आम्हाला गुन्हा दाखल करायचा असतो आणि वरून विचारणा त्याचीच होते, रोगाची होत नाही. मग माणूस दुसऱ्यांदा फोन कशाला करंल? शेतात मेलेलं डुक्कर शेतकरी रात्रीतनं गायब करतो. दहा मेली असतील तर आमच्या वहीत एखादं येतं.

आणि नमुन्याचं. व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, विषासाठी काढतात तो मिठाच्या पाण्यात जातो. विषाणूसाठी वेगळा, बर्फातला पाहिजे हे बऱ्याच जणांना सांगावं लागतं. थर्मास, बर्फ, गाडी, सगळं रात्री दहाला तालुक्यात कुठून आणणार.

पशुवैद्य_उदगीर
खाकीवाल्या भाऊंनी नेमकं बोट ठेवलं. सगळी यंत्रणा, कॅमेरे, अॅप, पीसीआर, हे नंतर. पहिल्यांदा मेलेलं डुक्कर दिसल्यावर माणसानं फोन उचलला पाहिजे. एएसएफमध्ये जिवंत रानडुक्कर पकडून रक्त काढण्यापेक्षा आपोआप मेलेलं सापडलं तर त्यात विषाणू मिळायची शक्यता कितीतरी जास्त, कारण ज्याला झाला ते बहुतेक मरतंच. म्हणजे मेलेलं डुक्कर हाच सगळ्यात महाग नमुना आणि आपण तोच पुरून टाकतोय.

आमच्या उदगीरचं उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये शहरात कावळे पटापट मरून पडायला लागले. लोकांनी दिसल्याबरोबर फोन केले, नगरपालिकेला, दवाखान्याला, पेपरवाल्यांना. नमुने भोपाळला गेले, बर्ड फ्लू निघाला, एच५एन१, दहा किलोमीटरचा परिसर सतर्क झाला. कशामुळं एवढं लवकर झालं? कावळा कुणाच्या पिकात नव्हता, कावळ्यासाठी कुणी करंट लावला नव्हता, कळवणाऱ्याला भ्यायचं काही कारणच नव्हतं. २०२१ ला परभणीकडच्या मुरुंबा गावात बर्ड फ्लूनं मेलेल्या कोंबड्यांचंही तसंच, मालकाचं नुकसान होतं म्हणून मालकानंच आरडाओरडा केला. रानडुकराला मालक नाही आणि त्याच्या मरणात अर्ध्या गावाचा हात असू शकतो, म्हणून ते कळतच नाही.

नांदेडकर_सध्या_ड्रेस्डेन
हे एकदम पटलं. इथं शिकार कायदेशीर आहे म्हणून शिकारीच सगळ्यात मोठा खबऱ्या आहे. तुमच्याकडं तोच माणूस आरोपी आहे.

रोही_त्रस्त, भूम
पण आपल्याकडं पण २०१५ चा जीआर आहे ना, परवानगी काढून डुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, मारता येतं. परवानगी मिळायला इतके कागद की तोवर पीक निघून जातं ते सोडा. पण ज्याला परवानगी मिळाली त्यानं मारलेल्या प्रत्येक डुकराचा नमुना द्यायचा अशी अट टाकली तर? आयतंच काम होईल की. दोन थेंब रक्त तर लागतं.

पशुवैद्य_उदगीर
भूमवाले दादा, तुम्ही सुरुवातीला रोग येऊ द्या म्हणत होता आणि आता सगळ्यात कामाची सूचना तुमचीच 😀 रक्त, आणि प्लीहेचा बोराएवढा तुकडा. रक्तात अँटीबॉडी सापडली तर कळतं की रोग येऊन गेलाय किंवा साधा स्वाइन फिव्हर फिरतोय. त्यावर वनखात्याचा ठप्पा लागेल, पण मागायला काय हरकत आहे.

खाकीतला_माणूस
मी एक सुचवू का. लोकांनी सरळ आम्हाला फोन करायच्या ऐवजी पोलीस पाटील नाहीतर सरपंचाला सांगावं, आणि त्यांनी ग्रामपंचायतीच्या नावानं कळवावं. मग जबाबात कुण्या एकाचं नाव येत नाही. २००९ चा जो प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा आहे त्यात संशयित रोग कळवायची जबाबदारी ग्रामपंचायतीवर पण आहे. म्हणजे ते उपकार करत नाहीत, त्यांचं कामच आहे.

किनवटची_मास्तरीण
आमच्याकडं हे जमंल. आमच्या जंगलात मेलेलं सापडलं तर तेंदू-मोह गोळा करणाऱ्या बायकांना सगळ्यात आधी दिसतं, वनरक्षकाच्या आधी. पण त्यांना कुणी कधी विचारतच नाही. बचत गटाच्या मीटिंगमध्ये फोटो दाखवून सांगितलं की असं निळं पडलेलं डुक्कर दिसलं तर हात लावू नका, ताईला फोन करा, तर त्या सांगतील. त्यांना शिकारीशी देणं-घेणं नसतं.

बरं आठ-दहा दिवसांचं सडलेलं असलं तर काय उपयोग? आमच्याकडं उन्हाळ्यात दोन दिवसांत किडे पडतात.

पशुवैद्य_उदगीर
आहे ना उपयोग. मांस गेलं तरी हाडातला मगज टिकतो, मांडीचं लांब हाड नाहीतर छातीचं मधलं हाड घ्यायचं, मगजात विषाणू बराच काळ सापडतो. म्हणून "आता काय राहिलंय त्याच्यात" म्हणून सोडायचं नाही. पण हाड काढायचं काम आमचं, बायकांनी फक्त जागा दाखवायची, येताना चपला बाहेर धुवायच्या आणि त्या दिवशी कुणाच्या पाळीव डुकराच्या खोपटाकडं जायचं नाही.

वराहपालक, गेवराई
चपलेचं लै महत्त्वाचं बोललात. माझ्याकडं बघायला येणारे सगळे आधी चार जणांचे खोपटे बघून येतात. आता दाराशी चुन्याचं टोपलं ठेवतो, पाय घालूनच आत. चुना चालतो का सर?

पशुवैद्य_उदगीर
कोरडा चुना पायाला लागून जातो, काही होत नाही त्यानं. दोन टक्के कॉस्टिक सोड्याचं पाणी पसरट भांड्यात ठेवा, रोज बदला, आधी चपलेचं शेण ब्रशनं घासून काढायचं मगच बुडवायची, शेणासकट बुडवली तर काय उपयोग नाही. हातमोजे घाला, कॉस्टिक भाजतं. लेकरांच्या हाताला लागंल असं ठेवू नका. चुना मेलेलं पुरताना वापरा, खड्ड्यात वर-खाली थर द्यायचा.

परभणी_लोकल
ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, "जिंतूरमध्ये डुकरांचा नवा व्हायरस, पंधरा दिवस चिकन-मटण खाऊ नका, जास्तीत जास्त शेअर करा". इथूनच कुणीतरी स्क्रीनशॉट मारलाय वाटतं.

पशुवैद्य_उदगीर
चिकनचा डुकराच्या रोगाशी काडीचा संबंध नाही. बकऱ्याच्या मटणाचा पण नाही. एएसएफ असला तरी माणसाला होत नाही आणि अजून रिपोर्ट पण आलेला नाही. कृपा करून गावाचं नाव असलेला स्क्रीनशॉट टाकू नका, शिवारवाल्यांना आधीच गावात त्रास चाललाय.

शिवारवाला, जिंतूर
मेसेज मी पण बघितला. सरपंचाकडं जाऊन आलो. करंटवाल्याचं वनखातं बघून घेईल, ते माझ्या हातात नाही, पण पुढच्या ग्रामसभेत विषय घेतलाय की शिवारात मेलेलं डुक्कर, रोही, हरीण, मोर काही दिसलं तर पोलीस पाटलाला सांगायचं आणि कळवणाऱ्याचं नाव कुठं लिहायचं नाही. दोघं-तिघं कुरकुर करायलेत. खालच्या वस्तीवरचा डुकरंवाला मात्र पहिला हात वर करणार म्हणला. गुरं सध्या हाळावर पाजायलोय, ओढ्याला सोडत नाही. लाळ खुरकूतची लस पण टोचून घेतली सगळ्यांना, डॉक्टर म्हणले तो रानडुकराला पण होतो. रिपोर्टचं विचारलं तर फोन आल्यावर सांगतो म्हणले.

पाथरीचा_आज्या
पोलीस पाटलाचंच शेत वरच्या चौघांतलं असलं तर?

शिवारवाला, जिंतूर
आहे ना. म्हणून तर सरपंचाचा नंबर पण लिहायला लावलाय.